गालिच्यावरचे चार खळगे

"एक वाजून नऊ मिनिटं. आता सुरू होईल," लुबें म्हणाला आणि पेन्सिल वहीवर टेकवून वाट बघत बसला.

तिघंही बाहेरच्या लोखंडी जिन्यावर बसली होती. सगळ्यात वरच्या पायरीवर, आपल्या वरच्या मजल्यावरच्या घराच्या दाराशी, ओदिल, वय वर्षं बारा. तिच्या खाली तिचा भाऊ लुबें, नऊ वर्षांचा, कानावर एक जादा पेन्सिल खोचलेला. आणि कठड्याला पाठ टेकून मिर्लांद. ती मागच्या गल्लीपलीकडे राहायची, पण सुट्टी लागल्यापासून फक्त झोपायलाच घरी जायची. तिघांच्या हातात बर्फाच्या कांड्या होत्या आणि मॉन्ट्रियलच्या जुलैमधल्या उन्हात त्या खाण्याआधीच मनगटावरून कोपराकडे चालल्या होत्या.

एक दहा झाले. सुरू झालं.

ते भुंकणं नव्हतं. आधी न तेल घातलेल्या बिजागरीसारखा एक बारीक सूर निघायचा, मग तो चढत चढत जायचा आणि अगदी वर पोचल्यावर तुटायचा. क्षणभर शांतता, की पुन्हा पहिल्यापासून. आवाज मधल्या मजल्यावरून येत होता, तिथे नव्याने राहायला आलेल्या म्हाताऱ्या मस्यू झँग्रांच्या घरातून. रडणाऱ्याचं नाव होतं पतात. पतात म्हणजे बटाटा, आणि तो दिसायलाही तसाच होता, पिवळट, लांबट आणि कुठूनही नीट गोल नसलेला.

ओदिलला तो आवाज ऐकवायचा नाही. तशी ती कुत्र्यांना घाबरणारी नव्हती. पण तो मजला तिच्या मैत्रिणीचा होता. सोलेन जन्मापासून तिथे राहत होती. दर वर्षी एक जुलैला अर्धं शहर घर बदलतं, त्यात यंदा सोलेनचंही सामान ट्रकमध्ये चढलं आणि ती पार रिमूस्कीला गेली, नदीकाठाने सहा तास. जाताना आपला निळा टोपीवाला सदरा ओदिलच्या हातात कोंबून गेली. ओदिल तो उशीखाली ठेवायची. काल आईने तो सापडल्यावर धुऊन टाकला. त्याला आता साबणाचा वास येत होता, बाकी कशाचाच नाही. ओदिल न्हाणीघरात जाऊन रडली, आणि आईला काही केल्या कळेना की स्वच्छ सदऱ्यात रडण्यासारखं काय आहे.

तळमजल्याचं दार उघडलं. घरमालकीण मादाम पिनार गाऊनवर बाहेर आल्या. त्या रात्रपाळीची बस चालवायच्या आणि दिवसा झोपायच्या, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायच्या. त्यांचे डोळे लाल होते.

"रविवारपर्यंत," त्या वर बघून, कुणालाच उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या. "मी म्हाताऱ्याला सांगितलंय. रविवारपर्यंत हे थांबलं नाही तर कुत्र्याची दुसरीकडे सोय करायची. मला झोप येऊन बस खांबाला धडकली, तर पेपरात फोटो माझा येईल, त्याचा नाही."

आणि दार लागलं. आज बुधवार होता.

"दुसरीकडे म्हणजे कुठे?" लुबेंने विचारलं.

मिर्लांदने सांगितलं, जिथे पिंजरे असतात तिथे. म्हाताऱ्या कुत्र्याला तिथून कुणी घरी नेत नाही, तिच्या मावशीने पाहिलंय. खालचा सूर चढत होता, तुटत होता.

"पण तो रात्री का रडत नाही? सकाळी का नाही?" ओदिल शेवटी म्हणाली. "मस्यू झँग्रा घरात असले की गप्प. ते एकला निघाले की दहा मिनिटांत सुरू. एकट्याने तो करतो तरी काय, ते बघायला हवं."

बघणं सोपं होतं. मागचा जिना मधल्या मजल्याच्या खिडकीला लागूनच उतरायचा, आणि त्या खिडकीतून आत कसं बघायचं हे ओदिलइतकं कुणाला माहीत असणार? एके काळी ती सोलेनची खिडकी होती. पायरीवर उकिडवं बसून तिघांनी काचेला नाक लावलं.

आत अजून खोकी रचलेली होती. भिंती उघड्या. जमिनीवर मात्र एक जुना लाल गालिचा अंथरला होता, आणि पतात त्याच्या एकाच कोपऱ्यात गोल फिरत होता. फिरायचा, थांबायचा, वर बघायचा, जणू तिथे काहीतरी असायला हवं होतं. मग बरोबर त्याच जागी अंग टाकायचा आणि हनुवटी जमिनीला टेकून सूर लावायचा.

"गालिच्याला खड्डे आहेत," लुबें कुजबुजला.

खरंच होते. चार खळगे, चौकोनात, बशीएवढ्या अंतरावर नाही, चांगले हातभर. गालिच्याचे केस तिथे असे दबले होते की आता ते कधी उभे राहतील असं वाटत नव्हतं. पतात नेमका त्या चार खळग्यांच्या मधे पडला होता.

"पाय," ओदिल म्हणाली. "कशाचे तरी पाय होते तिथे. खूप वर्षं. गालिचा आला, पण ते आलं नाही."

मस्यू झँग्रा साडेपाचला परतले. ते लहानखुरे होते, नीट भांग पाडलेले, आणि जिन्यावर मधेच थांबून जणू देखावा बघतोय असं दाखवत श्वास घ्यायचे. मुलांनी विचारल्यावर त्यांनी तिघांना आत बोलावलं आणि खोक्यांतून एक डबा शोधून साखर-सायीच्या वड्या पुढे केल्या. पतात त्यांच्या बुटावर डोकं ठेवून बसला होता, एखाद्या शहाण्या मुलासारखा.

ते म्हणाले, तिथे फ्लरेतची खुर्ची असायची. फ्लरेत म्हणजे त्यांची बायको. एक्केचाळीस वर्षं ती त्याच खुर्चीत विणत बसली, आणि शेवटची अकरा वर्षं मांडीवर पतात. एप्रिलमध्ये तिला वृद्धांच्या निवासात ठेवावं लागलं. ती हल्ली बोलत नाही, कुणाला ओळखतही नाही. तिथलं रात्रीचं जेवण साडेचारलाच असतं, आणि दुसऱ्या कुणी भरवलं तर ती तोंड उघडत नाही, म्हणून ते रोज एकला जातात, तिच्याजवळ बसतात आणि भरवूनच परततात. कुत्र्यांना त्या मजल्यावर परवानगी नाही. निवास आणखी जवळ पडावं म्हणून तर त्यांनी काही रस्ते पलीकडचं जुनं घर सोडून हे घेतलं.

"आणि खुर्ची?"

"घर बदलताना पाय मोडला तिचा. माझा भाचा रेजां सामान हलवत होता, त्याने ती तिथेच टाकून दिली. जुनीच होती म्हणा." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "हिरवी होती."

लुबेंने मान वर केली. "हिरवी? उजव्या हाताला खरचटलेली? कुत्र्याचे केस?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. लुबें भराभर वहीची मागची पानं उलटत होता. एक जुलैला लोक नको असलेलं सामान फुटपाथवर ठेवून जातात आणि ज्याला हवं तो उचलतो. लुबेंच्या दृष्टीने वर्षातला हा सर्वांत मोठा सण. दिवसभर आसपासच्या रस्त्यांवर फिरून तो प्रत्येक वस्तूची नोंद करतो. त्याने सत्तावीस नंबरवर बोट ठेवून वाचलं:

"हिरवी आरामखुर्ची. केस, बहुतेक कुत्र्याचे. चारही पाय ठणठणीत, उड्या मारून पाहिल्या. आई नाही म्हणाली."

नेमका तेव्हाच राहिलेलं एक खोकं खांद्यावर घेऊन रेजां शीळ घालत आत आला.

मिर्लांद उठली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "दादा, खुर्चीचा कुठला पाय मोडला होता हो?"

"कुठल्या... हां, ती. पुढचा. डावा."

"आम्हाला वाटलं मागचा."

"हो, मागचाच. मागचा डावा."

"आणि त्या मोडक्या पायावर हा उड्या कसा मारत होता?" तिने लुबेंकडे बोट दाखवलं. लुबेंने वही दोन्ही हातांनी छातीशी धरली.

रेजां चांगला दाराएवढा धिप्पाड होता, पण खोकं खाली ठेवेपर्यंत त्याची उंची कमी झाल्यासारखी वाटली. ट्रक भरला होता, तो म्हणाला. खुर्ची पुढच्या फेरीत न्यायची म्हणून त्याने ती फुटपाथवर ठेवली आणि पोरांबरोबर पिझ्झा खायला गेला. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. येऊन बघतो तर खुर्ची नाही. एक जुलैला फुटपाथवर ठेवली म्हणजे टाकली, हे त्याला कळायला हवं होतं. मामाला सांगायची हिंमत झाली नाही.

मस्यू झँग्रा रागावले नाहीत. त्यांनी फक्त "म्हणजे ती आहे कुठेतरी," एवढंच म्हटलं, आणि ते इतक्या हळू म्हटलं की रेजांला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जिन्यावर आल्यावर लुबें म्हणाला, "तीन वाजता उचलली. मोठ्या मिशांचा माणूस, सायकलला जोडलेला निळा गाडा."

ओदिलने त्याचा खांदा धरला. "हे आत का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं?"

गुरुवारी तिघांनी मागच्या गल्ल्या पिंजून काढल्या. निळे गाडे दोन सापडले. एकात टोमॅटोची रोपं लावली होती आणि दुसऱ्यात जुळी मुलं झोपली होती. मिशा चार सापडल्या, पण एकीलाही सायकल नव्हती. एक दहाला तिघं घरापासून पाच रस्ते लांब होती, तिथे आवाज पोचणं शक्य नव्हतं. तरी ओदिल थांबली.

"आता सुरू झाला असेल," ती म्हणाली. कुणाला विचारायची गरज नव्हती, कोण.

शुक्रवारी सकाळी मिर्लांदला तो दिसला. एका गल्लीच्या टोकाला अर्धवट उघडं गॅरेज होतं, दाराला टेकून निळा गाडा, आणि आत तोंडात पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेला मिशाळ माणूस. नाव आंसेल्म, धंदा खुर्च्या मढवण्याचा. आणि त्याच्यासमोर स्टुलावर एक खुर्ची, उघडी, नुसतं लाकूड आणि पट्टे. उजव्या हाताला खरचटलेलं होतं. शेजारी पिवळ्या पट्ट्यांचं नवंकोरं कापड घडी घालून ठेवलेलं.

मिर्लांदने सगळं सांगितलं. आंसेल्मने चुका एकेक करून तोंडातून काढल्या आणि म्हणाला, फुटपाथवरची वस्तू उचलणाऱ्याची, हा नियम त्याच्या आजोबांच्याही आधीचा आहे. मग मिशी चोळून म्हणाला, पण असं असेल तर घेऊन जा, बाबांनो. कापड लावून देतो. नव्यासारखी होईल.

"नव्यासारखी नको," ओदिल म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर निळा सदरा आला होता, साबणाच्या वासाचा. "जुनं कापड कुठे आहे?"

"ते? फाटकं होतं, केसाळ. आज कचऱ्याचा दिवस, सकाळीच पुढे ठेवलं."

त्याच क्षणी पुढच्या रस्त्यावरून घरघर ऐकू आली, मग कचरागाडीच्या दाबयंत्राचा तो लांबलचक कण्हणारा आवाज.

तिघं पळाली. गॅरेजमधून, आंसेल्मच्या स्वयंपाकघरातून, त्याच्या चकित झालेल्या मांजरावरून उडी मारून, पुढच्या दारातून रस्त्यावर. ट्रक शेजारच्या घरापाशी होता. मिर्लांद सरळ त्याच्यासमोर जाऊन हात पसरून उभी राहिली.

"बाई," नारंगी जाकीटवाला म्हणाला, "कचरा परत द्यायची आमच्यात पद्धत नाही."

मिर्लांदने खुलासा करायचा प्रयत्न केला. एक आजी आहे, तिची खुर्ची, म्हणजे खुर्ची मिळाली, पण कापड, आणि कुत्रा रोज एक दहाला रडतो, आणि रविवारी त्याला... तिला धाप लागली होती.

"कुत्र्याचं नाव काय?"

"पतात."

त्याने ड्रायव्हरला हात केला. इंजिन बंद झालं. "माझ्याकडे दोन आहेत," तो म्हणाला. "दोन मिनिटं देतो."

पिशव्या तीन, तिन्ही काळ्या. पहिली लुबेंने फाडली, त्यात कोळंबीची टरफलं होती, बहुधा गेल्या रविवारची. दुसरीत कॉफीचा चोथा, तो ओदिलच्या कोपरापर्यंत गेला. तिसरीत लाकडाचा भुसा, वाकडे खिळे, आणि तळाशी हिरवं काहीतरी. ओदिलने ते ओढून काढलं. मधोमध झिजून पातळ झालेलं, कडेला केस चिकटलेले. तिने ते नाकाशी नेलं. भुशाखाली, कुत्र्याखाली, अगदी खोल कुठेतरी, लोकर होती आणि कसलीशी गोड पावडर. एका माणसाचा वास. ओदिलने त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं.

"पतातला माझा नमस्कार सांगा," जाकीटवाला म्हणाला, आणि ट्रक पुढे गेला.

आंसेल्मने त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. पाठ आणि हात पिवळ्या पट्ट्यांचे झाले, पण बैठकीवर त्याने तेच हिरवं कापड झटकून, न धुता, पुन्हा ताणून ठोकलं. इतकी विचित्र खुर्ची आपण आयुष्यात मढवली नाही, असं तो दोनदा म्हणाला. शनिवारी सकाळी निळ्या गाड्यावर ती आली. रेजांने एकट्याने ती वळणदार जिन्यावरून वर चढवली, वाटेत दोनदा बोट चेंगरलं तरी हूं केलं नाही.

चार पाय चार खळग्यांत बसले. पतात दाराशी उभा होता. त्याने लांबूनच नाक वर केलं. मग शेपटी न हलवता, घाई न करता तो आला, बैठकीत नाक खुपसून बराच वेळ उभा राहिला, वर चढला, तीन गिरक्या घेतल्या आणि पडला. त्याने सोडलेला सुस्कारा जिन्यापर्यंत ऐकू आला असेल. मस्यू झँग्रा खिडकीकडे तोंड करून उभे होते. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, पण मुलांनी तिकडेच बघितलं.

त्या दुपारी तिघं पुन्हा जिन्यावर. एक दहा. एक पंधरा. लुबेंच्या पेन्सिलीला लिहायला काही मिळालं नाही. दोन वाजता त्याने आळसाने एक शून्य काढलं आणि त्याला डोळे, नाक, शेपटी लावून दिली.

रविवारी संध्याकाळी मादाम पिनार बाहेर आल्या. "काल नाही, आज नाही. तो जिवंत आहे ना?"

"झोपलाय," ओदिल म्हणाली.

"मीही झोपले." त्या क्षणभर घुटमळल्या. "दोन आठवड्यांत पहिल्यांदाच. ठीक आहे, राहू दे त्याला."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण दहाएक दिवसांनी, दुपारी, खालून एक बारीक सूर आला. एकदाच. दुसऱ्या दिवशी तीनदा.

ओदिल मस्यू झँग्रांकडे गेली आणि परवानगी विचारून तिने बैठकीचा वास घेतला. आता तिथे फक्त पतात होता. बाकीचं सगळं त्याने झोपून झोपून संपवलं होतं. तिला वाटलंच होतं तसं. वास काही एक्केचाळीस वर्षं साठवून ठेवता येत नाही, तो रोज थोडा थोडा यावा लागतो.

ती खूप वेळ गालिच्यावर बसून राहिली. मग तिने विचारलं, आजी तिथे अंगावर काय पांघरतात?

"शाल," मस्यू झँग्रा म्हणाले. "दोन आहेत. स्वतःच विणलेल्या. राखाडी तिच्या अंगावर, निळी इथे कपाटात."

"मग एक त्यांच्या खांद्यावर आणि एक इथे खुर्चीत. तुम्ही रोज जाताच ना? जाताना इथली न्यायची, येताना तिथली आणायची. फक्त धुवायची नाही. निदान लगेच तरी नाही."

मस्यू झँग्रा उठले. त्यांनी कपाटातून निळी शाल काढली आणि खुर्चीत पसरली. पतात त्या रात्री तिच्यावर झोपला.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा उशिरा परतले. मुलं वाट बघत होती. मादाम पिनारही दारात कॉफीचा पेला घेऊन उभ्या होत्या, सहज उभ्या आहोत असा आव आणून. मस्यू झँग्रा जिना चढलेच नाहीत. सगळ्यात खालच्या पायरीवर बसले, राखाडी शाल मांडीवर घेऊन.

ते म्हणाले, निळी शाल त्यांनी फ्लरेतच्या खांद्यावर घातली. तिने ती ओढून मांडीवर घेतली. शालीला केस चिकटले होते. ते ती एकेक करून वेचायला लागली, पूर्वी संध्याकाळी वेचायची तशी. मग शाल नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

"'पतात,' म्हणाली." त्यांनी राखाडी शालीची घडी सारखी केली. "एप्रिलपासून तिने कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, 'त्याने खाल्लं का?'"

"तुम्ही काय सांगितलंत?" लुबेंने विचारलं.

"म्हटलं, हो. दोनदा खाल्लं."

मादाम पिनारांना अचानक कॉफी खूप गरम लागली असावी, त्या तोंड फिरवून ती फुंकत राहिल्या. संध्याकाळी ओदिलची आई कामावरून आली तेव्हा त्यांनी तिला जिन्यातच अडवलं. "तुमच्या या तिघांना," त्या म्हणाल्या, मिर्लांदलाही त्याच घरची धरून, "मला वाटायचं, फक्त आवाजच आहे. डोकंही आहे." एवढी स्तुती त्यांनी बसमधल्या कुणाचीही वीस वर्षांत केली नव्हती.

त्या आठवड्यात ओदिलने आपला पिवळा सदरा सलग चार दिवस घातला. जुलैअखेरीचे चार दिवस. आई धुवायला मागू लागली तेव्हा तिने आईला सगळं सांगितलं, निळ्या सदऱ्यापासून. आई जिन्याच्या पायरीवर तिच्याजवळ बसली, मग स्वतः आत जाऊन एक खोकं शोधून घेऊन आली.

लुबेंने नाक धरून चिकटपट्टी लावली. पत्ता मिर्लांदने लिहिला, तिचं अक्षर चांगलं म्हणून. आत पिवळा सदरा आणि ओदिलची चिठ्ठी होती:

"सोलेन, हा धुऊ नकोस. तू घाल. चार दिवसांनी मला परत पाठव. तोवर मी निळा घालते, मग तो पाठवते."